क्वांटमचा बॅकलॉग आणि तीन स्प्रिंगांचं गणित: इंटिग्रेटेड फिजिक्समधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मुलीचं आहे. नाव, युनिव्हर्सिटी, साल सगळं काढलंय आणि ओळख लागेल असे दोन-तीन तपशील बदललेत. लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं, तिने एकच वाक्य काढायला लावलं, ते काढलं. मी तेव्हा त्याच डिपार्टमेंटला पीएचडी करत होतो आणि तिसऱ्या वर्षाच्या क्वांटमचे ट्युटोरियल घ्यायचो, म्हणजे मी यात काही त्रयस्थ नाही, उलट एक चूक सरळसरळ माझी आहे, ती पुढे येईलच.

कोर्स म्हणजे फिजिक्सचा इंटिग्रेटेड मास्टर्स. बॅचलर्स वेगळं, मास्टर्स वेगळं असं न करता एकदाच ॲडमिशन घ्यायची आणि मास्टर्स घेऊनच बाहेर पडायचं. कुठे हा चार वर्षांचा असतो, कुठे पाच. हा पाचचा होता, आणि तिसऱ्या वर्षानंतर बॅचलर्सवर बाहेर पडायची सोय होती. फायदा सगळे सांगतात, की मधे परत एन्ट्रन्स नाही आणि शेवटचं वर्ष निवांत प्रोजेक्टला मिळतं. तोट्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. दोन वेगळ्या डिग्र्या असल्या की मधल्या एन्ट्रन्सच्या निमित्ताने का होईना माणूस मागचं सगळं एकदा उघडून बघतो, इथे ती वेळच येत नाही. पहिल्या वर्षाचं जे कच्चं राहिलं ते तसंच गाठोड्यात बांधून पुढे जातं आणि कुठल्या वर्षी सुटेल ते सांगता येत नाही.

मुलगी हुशार होती, हे मी नंतरच्या माहितीवरून म्हणत नाही, पहिल्या दोन वर्षांचे मार्क तसेच होते. लॅबमध्ये तर तिचा हात चांगलाच होता, रीडिंगला एरर बार न सांगता लावणाऱ्या थोड्या लोकांपैकी. पण थिअरीचे पेपर ती ज्या पद्धतीने काढायची ती पद्धत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वापरलेली आहे: मागच्या पाच वर्षांचे पेपर घ्यायचे, कोणती डेरिव्हेशन्स फिरून फिरून येतात बघायचं, ती घोटायची. मेकॅनिक्स निघालं, इलेक्ट्रोमॅग्नेटिझमही निघालं.

अडचण

पाचव्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला आणि क्वांटममध्ये नापास. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समध्ये काठावर पास. आधी कधीच बॅकलॉग नव्हता त्यामुळे धक्का जोरात बसला, दोन आठवडे ती ट्युटोरियलला आलीच नाही.

नंतर तिची उत्तरपत्रिका तिच्याबरोबर बसून बघितली, आणि खरं सगळं त्यात दिसत होतं, फक्त बघायला पाहिजे होतं. अनंत खोलीच्या विहिरीतल्या कणाचा प्रश्न पूर्ण बरोबर. ऊर्जा एनच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, वेव्ह फंक्शन साइनचं, नॉर्मलायझेशनचा स्थिरांकसुद्धा बिनचूक. पानभर सुंदर अक्षरात. आणि पुढचाच प्रश्न, स्पिन अर्धाचा (स्पिन म्हणजे कणाचा स्वतःचा अंगभूत कोनीय संवेग), कोरा. त्यात एक स्थिती दिली होती आणि एक्स दिशेला स्पिन मोजला तर कोणतं उत्तर किती शक्यतेने येईल एवढंच विचारलं होतं. ज्याला जमतं त्याला चार ओळींचं काम. विहिरीचं डेरिव्हेशन घोटता येतं, पण स्पिनच्या प्रश्नात आकडे बदलले की घोटलेलं काही कामाला येत नाही.

आणि इथे माझी चूक. ती एकदाची भेटायला आली तेव्हा मी काहीही न विचारता म्हटलं, "प्रॅक्टिस कमी पडली, बाकी काही नाही," आणि साठ प्रॉब्लेमची लिस्ट हातात दिली. तीन आठवडे ती रोज त्या लिस्टशी झटापट करत होती आणि रोज थोडी जास्त खचत होती. पहिले बारा सुटले, सगळे विहिरीच्या जातीचे. तेराव्याला मॅट्रिक्स आलं आणि गाडी थांबली. तीन आठवडे फुकट गेलेच, वर "मला एवढं करूनही येत नाही" हा नवीन पुरावा तिला मी मिळवून दिला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती आली ती ठरवूनच. "दादा, मी तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडते. फॉर्म भरायचाय, तुम्ही फक्त बघा बरोबर भरलाय का."

समोर काय पर्याय होते

फॉर्मची शेवटची तारीख सहा आठवड्यांवर होती, म्हणजे विचाराला वेळ होता. त्या दिवशी आम्ही कागदावर चार गोष्टी लिहिल्या.

बाहेर पडणं. याला अनेक जण पळपुटेपणा समजतात ते मला पटत नाही, तीन वर्षांचं फिजिक्स बॅचलर्स ही पूर्ण डिग्री आहे आणि ज्याला दुसरीकडे जायचंय त्याने खुशाल जावं. पण तिला कुठे जायचंय असं विचारलं तर ती म्हणाली, "दुसरीकडे फिजिक्समध्येच मास्टर्स." आता ही मात्र गंमत झाली. दुसरीकडे जायचं तर एन्ट्रन्स, आणि फिजिक्सच्या मास्टर्सच्या कुठल्याही एन्ट्रन्समध्ये क्वांटम येणारच. म्हणजे ज्याच्यापासून लांब जायचंय तेच पुढच्या दाराशी उभं. शिवाय बॅचलर्स मिळायलाही बॅकलॉग क्लिअर करावाच लागणार होता, नियमात हे स्पष्ट लिहिलेलं होतं आणि तिने ते वाचलंच नव्हतं.

सेमिस्टर ड्रॉप करणं. विश्रांती मिळते, खरंय. पण या कोर्समध्ये विषय वर्षातून एकदाच शिकवले जायचे, त्यामुळे एक सेमिस्टर सोडलं की गणित पूर्ण वर्षाचं होतं आणि बरोबरची बॅच पुढे निघून जाते. मन फारच थकलं असेल तर हा पर्याय मी आजही पहिला ठेवेन. ती थकलेली होती पण तेवढी नव्हती, असं तिचंच म्हणणं.

ब्रँच बदलणं, म्हणजे कॉम्प्युटेशनकडे. ती कोड चांगला लिहायची. पण तिकडचं लिनिअर अल्जेब्रा काही वेगळं नसतं.

आणि चौथा, आहे तिथेच राहून बॅकलॉगचा पेपर सहाव्या सेमिस्टरनंतरच्या पुरवणी परीक्षेत देणं.

चारही पर्याय लिहून झाल्यावर माझ्या डोक्यात उशिरा का होईना प्रकाश पडला, की आम्ही उपाय निवडतोय पण दुखतंय कुठे ते कोणी तपासलेलंच नाही. फॉर्म बाजूला ठेवला आणि तिला फळ्यापाशी उभं केलं.

फळ्यावरचा अर्धा तास

क्वांटम नाही, पहिल्या वर्षाचं गणित दिलं. दोन सारखी वजनं, तीन सारख्या स्प्रिंगा: भिंत, स्प्रिंग, वजन, स्प्रिंग, वजन, स्प्रिंग, भिंत. कंपनाच्या फ्रिक्वेन्सी काढ.

न्यूटनची दोन समीकरणं तिने झटक्यात लिहिली. मग मॅट्रिक्स लिहिलं, पहिली ओळ २ आणि −१, दुसरी −१ आणि २. मग म्हणाली, "आता कर्णावरून लॅम्डा वजा करायचा आणि डिटरमिनंट शून्य ठेवायचं."

"का?"

गप्प. मग, "तशी पद्धत आहे."

दुखत होतं ते इथे. सगळं क्वांटम ज्या एका कल्पनेवर उभं आहे ती तिच्याकडे नुसती कृती म्हणून होती.

मग मॅट्रिक्स पुसलं आणि विचारलं, दोन्ही वजनं एकाच बाजूला सारखीच सरकवली तर मधल्या स्प्रिंगचं काय होईल? जरा वेळाने म्हणाली, "काहीच नाही, ती ताणलीच जाणार नाही." म्हणजे प्रत्येक वजनाला फक्त स्वतःच्या भिंतीची स्प्रिंग ओढते, फ्रिक्वेन्सीचा वर्ग के भागिले एम. आता विरुद्ध बाजूंना सरकव. मधली स्प्रिंग दुप्पट ताणली जाते, म्हणून भिंतीच्या बाजूचा एक के आणि मधले दोन, एकूण तीन के. वर्ग तीन के भागिले एम. डिटरमिनंटला हातही न लावता दोन्ही आयगेनव्हॅल्यू, म्हणजे मघाचे लॅम्डा, आल्या, १ आणि ३. आणि आयगेनव्हेक्टर म्हणजे काय तर ज्या पद्धतीने सरकवलं असता आकार तसाच राहतो, नुसता मोठा-लहान होतो, ती पद्धत: (१, १) आणि (१, −१). मॅट्रिक्स लावल्यावर व्हेक्टर स्वतःच्याच रेषेत राहतो, वळत नाही. डिटरमिनंट शून्य हे फक्त असा व्हेक्टर अस्तित्वात असण्याची अट.

मग शेजारी स्पिनचं मॅट्रिक्स लिहिलं, एक्स दिशेचं. एच बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) भागिले दोन बाहेर, आत पहिली ओळ ०, १ आणि दुसरी १, ०. "याचे आयगेनव्हेक्टर?"

ती बघत राहिली. खडू हातात, अर्धा मिनिट तरी. मग म्हणाली, "दादा, हे तेच दोन आहेत."

तेच दोन आहेत. (१, १) आणि (१, −१), फक्त लांबी एक करायला वर्गमूळ दोनने भागायचं. भौतिकशास्त्र पूर्ण वेगळं, तिकडे वजन खरोखर हलतंय आणि इकडे घटकाचा वर्ग घेतला की शक्यता मिळते, पण सांगाडा एकच. झेड दिशेला वर असलेली स्थिती (१, ०), ती या दोन व्हेक्टरांच्या बेरजेची निम्मी, म्हणून एक्स दिशेला मोजलं तर दोन्ही उत्तरं अर्धी-अर्धी. स्टर्न आणि गेर्लाख यांनी १९२२ मध्ये चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून पाठवला तेव्हा तो दोन भागांत फुटला होता. एक भाग घेऊन दुसऱ्या आडव्या चुंबकातून परत पाठवला तर परत निम्मा-निम्मा, हे पुस्तकात येतं ते त्याच प्रयोगाचं पुढचं रूप. परीक्षेत कोरा सोडलेला प्रश्न तिने फळ्याच्या कोपऱ्यात सोडवला. चारच ओळी लागल्या.

लगेच सगळं जमलं वगैरे नाही. पण फॉर्म तिने बॅगेत परत टाकला.

मग काय केलं

दहा आठवडे हातात होते. ठरलं ते असं की क्वांटमचं पुस्तक पहिले चार आठवडे उघडायचंच नाही. फक्त लिनिअर अल्जेब्रा, तेही दोन बाय दोन आणि तीन बाय तीनच्या पुढे जायचं नाही, पण प्रत्येक वेळी आधी चित्र आणि मग हिशोब. त्यानंतर कॉम्प्लेक्स नंबर दोन आठवडे, कारण तिथेही एक भगदाड निघालं, फेज म्हणजे काय ते तिला सूत्रात माहीत होतं, वर्तुळावर फिरताना दिसत नव्हतं. मग शेवटचे चार आठवडे क्वांटम.

यासाठी वेळ काढायला एक इलेक्टिव्ह सोडावा लागणार होता. ॲस्ट्रोफिजिक्स किंवा कॉम्प्युटेशनल फिजिक्स. मी म्हटलं ॲस्ट्रोफिजिक्स सोड, कारण त्याचं वाचन जास्त आणि कोडिंग पुढे प्रोजेक्टला लागेल. हिशोब चुकीचा नव्हता. पण ती फिजिक्सला आलीच होती ताऱ्यांमुळे, आणि तो विषय सोडल्यावर त्या सेमिस्टरमध्ये तिला आवडेल असं काहीच उरलं नाही, नुसती डागडुजी. मधल्या काळात दोनदा तिने सगळं सोडायचं म्हटलं त्याला हेही कारण असावं, असं मला आता वाटतं.

दुसरी एक गोष्ट तिने स्वतः केली, मी सांगितली नव्हती. ट्युटोरियलमध्ये ती मागच्या बाकावरून उठून पुढे आली आणि समजलं नाही तिथे हात वर करायला लागली. पहिल्यांदा हात वर केला तेव्हा आवाज थरथरत होता. तिसऱ्यांदा तिने विचारलेल्या प्रश्नावर वर्गात अजून सहा-सात माना वर झाल्या, म्हणजे त्यांनाही तेच अडत होतं.

पुरवणी परीक्षेत पास झाली. मार्क मध्यम.

प्रोजेक्टची निवड

चौथं वर्ष ठीकठाक गेलं, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. पर्टर्बेशन थिअरीत थोडी अडखळली, सॉलिड स्टेट आवडलं. खरा दुसरा निर्णय पाचव्या वर्षाच्या प्रोजेक्टचा.

तीन गोष्टी समोर होत्या. एक थिअरीचा, क्वांटम फील्डवाला, ज्याला वर्गात मान असतो. एक लॅबचा, म्युऑनचं (इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण) आयुष्य मोजायचा: सिंटिलेटरमध्ये, म्हणजे कण आला की चमकणाऱ्या पदार्थात, म्युऑन थांबला की एक सिग्नल, त्याचा क्षय झाला की दुसरा, मधलं अंतर मोजत राहायचं आणि शेवटी २.२ मायक्रोसेकंदांच्या आसपास उत्तर यायला पाहिजे. आणि तिसरा, आयझिंग मॉडेलचं सिम्युलेशन.

तिचा हात लॅबमध्ये चांगला म्हणून मी म्युऑनच्या बाजूचा होतो. तिने आयझिंग घेतलं. कारण विचारलं तर म्हणाली, स्टॅट मेक मी काठावर काढलाय आणि तो खड्डा तसाच ठेवून मास्टर्स घ्यायचं नाही. याला मी काय बोलणार.

आयझिंग मॉडेल दिसायला अगदी साधं. चौकटीच्या प्रत्येक घरात एक बाण, वर किंवा खाली, आणि शेजारी सारखे असले की ऊर्जा कमी. कल्पना लेन्झची, १९२० ची, आयझिंगने एका रेषेतलं उत्तर काढून १९२५ मध्ये छापलं आणि तिथे फेज ट्रान्झिशन, म्हणजे ठराविक तापमानाला बाण एकाएकी एका दिशेला लागणं, मिळत नाही असं दाखवलं. दोन मितींत मात्र मिळतं, ते अचूक उत्तर ऑनसागरने १९४४ मध्ये दिलं: जे (शेजाऱ्यांमधल्या जोडीची ताकद) आणि बोल्ट्झमन स्थिरांक एक धरले तर क्रांतिक तापमान, म्हणजे हा बदल होतो ते तापमान, २.२६९. साध्या १६ बाय १६ च्या चौकटीतसुद्धा २५६ बाण, म्हणजे दोनचा २५६ वा घात एवढ्या स्थिती, सगळ्या मोजणं अशक्य. म्हणून मेट्रोपोलिसची १९५३ ची पद्धत, एक बाण निवडायचा, उलटवला तर ऊर्जा किती बदलेल बघायचं आणि त्याप्रमाणे उलटवायचा किंवा सोडून द्यायचा.

क्रांतिक तापमानाचं तिचं पहिलं उत्तर आलं ४.५ च्या आसपास. आठवडाभर ती कोड उलटा-पालटा करत होती, रँडम नंबर बदलले, चौकट मोठी केली, उत्तर हलेना. गाइड मॅडमनी कोड न बघता फक्त आकडा बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हे बरोबर दुप्पट आहे." एका बाणाच्या उलटण्याने होणारा फरक लिहिताना तिने २ च्या जागी ४ लिहिले होते, जोडी दोन्ही शेजाऱ्यांकडून मोजली म्हणून. सगळ्या चौकटीची जे दुप्पट झाली, म्हणून क्रांतिक तापमानही दुप्पट. एक आकडा बदलला आणि ज्यावरून हे तापमान वाचायचं ते आलेखाचं शिखर २.३ च्या जरा पुढे आलं. ते २.२६९ ला का नाही, तर चौकट लहान आहे म्हणून, आणि ३२, ६४ करत गेलं की ते डावीकडे सरकताना दिसतं. हा आलेख तिने थिसिसच्या पहिल्याच पानावर घातला.

व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, तयारीत अजून एक दणका बसला. एरर बार फारच छोटे दिसत होते. मॅडमनी विचारलं, "एक लाख सॅम्पल घेतलेस, त्यातले स्वतंत्र किती?" क्रांतिक तापमानाजवळ चौकट एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जायला फार वेळ लावते, चौकट दुप्पट केली की हा वेळ चौपटीहून जास्त वाढतो, त्यामुळे लाखातले बरेच सॅम्पल एकमेकांची नक्कलच होते. मग वोल्फची १९८९ ची पद्धत आणली, जिच्यात एकेक बाण न उलटवता अख्खा पुंजका एकदम उलटवतात. एरर बार मोठे झाले आणि खरे झाले. लॅबमध्ये रीडिंगवर एरर बार लावणारी मुलगी इथे कशी चुकली, तर कॉम्प्युटरने दिलेल्या आकड्याला आपण रीडिंग समजत नाही म्हणून, हे तिचं स्वतःचं उत्तर, व्हायवात तिने हेच सांगितलं.

निकाल

मास्टर्स मिळालं, प्रोजेक्टला चांगली ग्रेड. पण एकूण सरासरी त्या पाचव्या सेमिस्टरने जी खाली ओढली ती पूर्ण वर आली नाही, आणि जिथे पीएचडीला जायचं मनात होतं तिथून बोलावणं आलं नाही. आता ती सिम्युलेशनचंच काम करते, फिजिक्सच्या कडेकडेचं. वर्षाने परत प्रयत्न करणार म्हणते.

परत करायचं झालं तर

साठ प्रॉब्लेमची लिस्ट मी देणार नाही, हे पहिलं. आधी अर्धा तास फळा. तीन आठवडे वाचले असते आणि कदाचित फॉर्मपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

ॲस्ट्रोफिजिक्स मी ठेवायला सांगितलं असतं, त्याऐवजी दुसरं काहीतरी हलकं केलं असतं, अगदी पुरवणी परीक्षा एक संधी पुढे ढकलूनसुद्धा. पण ढकललेला बॅकलॉग चौथ्या वर्षाच्या क्वांटमवर येऊन आदळला असता, म्हणून इथे मी अजूनही छातीठोक काही सांगू शकत नाही. ती म्हणते तुमचं तेव्हाचंच बरोबर होतं. मला ते पूर्ण पटत नाही.

नियम आधी वाचायला हवे होते, तिने आणि मीही. बाहेर पडायलाही बॅकलॉग क्लिअर लागतो हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर अर्धी घालमेल तिथेच संपली असती. आणि घरी तिने सगळं मिटल्यावर सांगितलं, घरचे रागावले ते नापास झाली म्हणून नाही, चार महिने एकटीने ओढलं म्हणून.

डिपार्टमेंटने मधल्या वर्षात काही तपासणी ठेवावी असं मी सुचवलं होतं, त्याचं पुढे काही झालं नाही. मी माझ्यापुरतं एवढं केलं की क्वांटमच्या पहिल्या ट्युटोरियलला क्वांटम घेत नाही, दोन वजनं आणि तीन स्प्रिंगा फळ्यावर काढतो आणि डिटरमिनंटपर्यंत आले की "का?" विचारतो. दरवर्षी वर्ग तिथेच गप्प होतो.